मस्कत ५.४५

तात्यांना जाऊन सव्वा महिना झाला. इंदापूरच्या घरी अजून माणसं भेटायला येतात, चहा घेतात आणि हमखास विचारतात, "सुमन न्हाय व्हय पोचली येळंवर? मस्कत किती लांब हाय?" मग त्यांच्यातलाच कुणीतरी फोन काढून सांगतो, मस्कत ते मुंबई पावणेतीन तास. तो आकडा ऐकला की मला त्या फोनची किळस येते, चहा पीत तास मोजणाऱ्यांची येते आणि सगळ्यात जास्त माझी स्वतःची.

तात्या माझे चुलते. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, इंदापूर स्टँडच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगायचे. सुट्टीत बारामतीहून गेलो की मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसायचो. एकदा सोलापूरची गाडी येईना, तेव्हा एका माणसानं त्यांना वाटेल ते ऐकवलं. तात्यांचं एकच, "मागल्या स्टँडवरनं सुटल्याचा फोन न्हाय. सुटली न्हाय ती गाडी मी सांगत न्हाय." मी म्हटलं, दहा मिनिटं सांगून टाकायची, गप्प बसला असता. तर म्हणाले, "दहा मिनटं म्हनलं की माणूस मुतायला बी जात न्हाय, ताटकळत बसतो. त्ये पाप कोण घेणार?"

निवृत्तीनंतर त्यांनी ओसरीत एक छोटा फळा टांगला. पाहुणा निघाल्याचा फोन आला की त्यावर गाव आणि पोचायची वेळ लिहायचे. 'बारामती १०.३०' म्हणजे मी. वीस मिनिटं उशीर झाला तर पाणी देण्याआधी कारण विचारायचे... मला हसू यायचं.

शेवटच्या दिवशी दुखणं पार हाताबाहेर गेलं होतं. सकाळी आठला नर्सबाई इंजेक्शन भरत होत्या. त्यानं वेदना थांबायच्या, पण गुंगी यायची आणि शुद्ध पुन्हा येईलच असं नव्हतं. तात्यांनी माझ्याकडं बघितलं. "सुमी सुटली का?"

त्यांची एकुलती लेक सुमन तेव्हा मस्कतला कंपनीच्या ऑफिसात रजेच्या सहीसाठी बसून होती. तिकीटसुद्धा काढलेलं नव्हतं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "सुटली, तात्या. पावणेतीन तास लागतात."

त्यांनी फळा मागवला. विमानाचे पावणेतीन, सामानाला एक, मुंबईहून रस्त्याचे सहा, असं पुटपुटत लिहिलं, 'मस्कत ५.४५'. नर्सबाईंना म्हणाले, "सुई ठिवा. पावणेसहाला लेकीशी बोलतो, मग द्या." आणि तो माणूस दिवसभर उशीचा कोपरा दातात धरून घड्याळाकडं बघत राहिला. मी शेजारीच होतो. खरं सांगायला दहा वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. सहाला त्यांनी विचारलं, "किती लेट?" मी म्हटलं, "अर्धा तास." सात वाजायच्या आत ते गेले, इंजेक्शन न घेताच.

सुमन दुसऱ्या दिवशी दुपारी पोचली. दिवसकार्य आटोपल्यावर एकदा ओसरीत फळ्यासमोर उभी राहिली. "दादा, ही येळ त्यांना कुणी सांगितली?"

"फोनवर दाखवत होतं," मी म्हटलं.

फळा अजून तिथंच आहे. सुमननं तो पुसू दिलेला नाही. तात्यांचा हिशेब कधी चुकायचा नाही, तो त्या दिवशीही चुकला नव्हता. सुमन, 'सुटली' असं मी सांगितलं होतं.