सतरा बांगड्यांचा चुडा

मिश्रीमल सेठ वारला तेव्हा गुमानराम खरादी स्मशानात गेला नाही. सगळ्या पाली शहरानं ते पाहिलं. सगळ्यांनी पाहावं, हीच त्याची इच्छा होती.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्यानं सेठनं दिलेल्या हस्तिदंतातून खरादाच्या चाकावर चुडा कातला होता. ठाकुरांच्या मुलीचं लग्न होतं, चुडा सेठच्या हातून तिकडे जायचा होता. मनगटापासून दंडापर्यंत सतरा बांगड्या, सगळ्या हत्तीच्या एकाच दातातून. बावीस दिवस लागले. लग्नात एक बांगडी तडकली आणि आत काळे ठिपके दिसले. म्हणजे हाड.

"गुमाननं हस्तिदंत ठेवून घेतला, उंटाचं हाड दिलं," सेठ म्हणाला.

जातीचा पंच होता भीकाराम, स्वतःही कातकाम करणारा खरादी. त्यानं ती बांगडी हातातही न घेता निकाल दिला. गुमानला वाळीत टाकलं. तीन वर्षांनी परत घेतलं, पण तोवर हस्तिदंताचं काम सुटलं ते कायमचं. पुढं जन्मभर त्यानं प्लास्टिक कातलं. बायको सुगनी त्या तीन वर्षांत कुणाच्या लग्नाला गेली नाही. चौथ्या वर्षी मेली.

सेठला जाऊन महिना झाला आणि त्याचा मुलगा उगमराज डबा घेऊन गुमानच्या दारात आला.

"काकोसा, आईचा चुडा आहे. जयपूरला गिऱ्हाईक बघितलंय. खरा की खोटा, तेवढं सांगा."

गुमाननं एक बांगडी उचलली आणि कड उन्हात धरली. खाटेच्या विणीसारख्या बारीक रेषा एकमेकींना छेदत होत्या. ठिपका एकही नाही. मग त्यानं बांगड्या क्रमानं एकावर एक रचल्या, प्रत्येक थोडी थोडी फिरवली. तिसरीपासून अकरावीपर्यंत एक तपकिरी शीर सरळ उतरली. दातातच होती ती. कातताना आठ दिवस तिच्याशी झुंजला होता तो.

"खरा आहे," तो म्हणाला. "पण माझ्या शब्दाला किंमत नाही. चल भीकारामजींकडे."

दोन साक्षी म्हणजे भाव वाढणार. उगमराज खुशीत निघाला.

भीकाराम ओट्यावर बसला होता. गुमाननं त्याच्यासमोर चुडा रचला.

"उगमराज, कुणी कातला हा?"

"तुम्हीच की! बापूजी आईला नेहमी सांगायचे, गुमानसारखा हात मारवाडात नाही. ठाकुरांच्या मुलीच्या लग्नाच्या वेळचा ना?"

भीकारामनं शिरेवरून बोट फिरवलं. या वेळी बांगडी हातात घेतली. "म्हणजे तुझा चुडा सेठच्या घरात राहिला, ठाकुरांकडे त्यानं हाडाचा दुसराच पाठवला," तो गुमानला म्हणाला.

"आता भाव सांगा," उगमराज म्हणाला.

"भाव नाही," गुमान म्हणाला. "हस्तिदंत विकता येत नाही. बंदी आली तेव्हा सरकारला कळवून दाखला घ्यायचा होता. दाखला असला तरी नुसता घरात ठेवायचा. आहे तुझ्याकडे?"

"नाही. पण हे जुनं आहे, आईचं..."

"हत्ती जुना म्हणून कायदा सोडत नाही. वनखात्यात नेऊन दे. कुठून आला विचारतील. बापानं कसा मिळवला ते लिही."

"बापूजींचं नाव घालू? काकोसा, ते आता राहिले नाहीत."

"सुगनीही नाही. लिही. नाहीतर मी जाऊन सांगतो, मग पोलीस लिहितील."

उगमराजनं डबा भरला. एक बांगडी खाली पडली, ती त्यालाच वाकून उचलावी लागली.

तो गेल्यावर भीकाराम म्हणाला, "गुमान, चुकलं माझं."

"मला नका सांगू. गल्लीला सांगा."

"रविवारी देवळात सगळे जमतात, तेव्हा..."

"आत्ता. एकेका दारात जाऊन."

"गुडघे बघ रे माझे."

"बघतोय."

भीकाराम भिंतीला धरून उठला. पहिल्या दारात पुटपुटला, "गुमाननं हाड घातलं नव्हतं."

"ऐकू आलं नाही," मागून गुमान म्हणाला.

भीकाराम ओरडून बोलला. आतल्या बायका बाहेर आल्या. गल्लीत एकोणीस घरं होती. गुमान शेवटपर्यंत मागं चालला, पण हात दिला नाही.