चिंचेत भिजवलेले मोती

तरुणपणी मी एक गाढवपणा केला. दुसरीची मोत्यांची सर चिंचेच्या कोळात भिजत घातली. देवाची पितळी भांडी चिंचेनं झळकतात, मग मोती काऊन नाही झळकणार, एवढंच माझं शास्त्र. वर स्वतःला हुशार समजत होते.

सर माझ्या मोठ्या जावेची. तिचं माहेर तेलुगू मुलखाला लागून असलेल्या सिरोंचाचं, म्हणून ब्रह्मपुरीजवळच्या आमच्या गावात ती सगळ्यांची सिरोंचावाली. एरवी बोलायची आमच्यासारखीच, रागावली की तेलुगू. अंगावर दागिना म्हणावा तर आईनं दिलेली ती एकच सर. माझ्या अंगावर तिच्या दुप्पट सोनं. तरी लग्नाकार्यात बाया आधी तिच्या गळ्याकडे बघायच्या आणि काही जणी माझ्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. म्हणून मी विहिरीवर पसरवलं, की सिरोंचावालीचे मोती प्लास्टिकचे आहेत.

ते तिच्या कानावर गेलं. ती भांडली नाही. मी धान पाखडत होते, तिथं येऊन तिनं मला एक मोती पुढच्या दातांवर हलकेच घासायला लावला. खरा मोती बारीक रेतीसारखा खरखरतो, खोटा गुळगुळीत सरकतो. मोती चांगला खरखरला. मी म्हटलं, मले तर काईच समजलं नाई.

तिचे नियम असत. तेल, पावडर, अत्तर सगळं आटोपल्यावरच मोती घालायचे, घरी आल्यावर आधी तेच उतरवायचे. मऊ मलमलीनं पुसून सोन्यापासून वेगळे ठेवायचे, नाहीतर ओरखडे पडतात. "सोनं पेटीत राहते," ती म्हणायची, "मोती गळ्यात राह्यला तरच जगते." आता हेच नाती मोबाईलवर वाचून मला शिकवतात.

भावाच्या लग्नासाठी मी सर मागितली. आईची तेवढीच आठवण, तरी तिनं दिली. सर मला पिवळसर वाटली. तो मोत्यांच्या अंगचा रंग. मी मळ समजले आणि चिंच कोळली. सगळ्यांना जेवायला वाढून येईस्तोवर मोत्यांचं पाणी उतरलं होतं. खडूच्या गोळ्याच जणू. लग्नभर गळा पदराखाली. परत देताना म्हटलं, घामानं झालं असेल. तिनं सर हातात फिरवली, मलमलीनं पुसली आणि कोणाजवळ बोलली नाही.

त्याहून वाईट म्हणजे तीच निस्तेज सर घालून ती पुढंही लग्नांना जात राहिली, आणि बाया तिच्याचकडे बघत राहिल्या. आपण मोत्यांवर जळत नव्हतोच, हे तेव्हा कळलं. मग आणखी जळले.

पुढं भासरे, म्हणजे तिचा नवरा, तिला घेऊन सिरोंचाला शेती बघायला कायमचे निघाले. बस स्टँडवर मी अखेर चिंचेचं कबूल केलं. हातातली पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, "मले वासावरूनच समजलं होतं, माय. पण प्लास्टिकले चिंच काई करत नाई. माह्या आईचे मोती खरे होते, हे आता तूच साऱ्याइले सांग."