माझी गिटार कोणी कमी केली?

गेल्या रविवारी सकाळी आमच्या मुक्ताने चहात पाव बुडवता बुडवता सांगून टाकलं, "पप्पा, हांव बँड सोडटां." पाव विरघळून कपाच्या तळाशी गेला तरी तिचं लक्ष नव्हतं...

मुक्ता माझी मुलगी, बेस गिटार वाजवते, म्हणजे खालच्या जड सुरांची. बँड म्हणजे ती आणि प्रणय, दोघंच. प्रणय मोप्याहून बाइकने आमच्या साखळी गावातल्या घरी येतो, गिटार वाजवतो आणि गातो... म्हणजे गुरगुरतो. शेजारच्या काकी त्याचा घसा सुटावा म्हणून अजून कषाय, म्हणजे काढा, पाठवतात. ड्रम्स लॅपटॉपवर, आणि रेकॉर्डिंग माडीवरच्या खोलीत, गाद्या भिंतीला उभ्या करून. या प्रकाराला मेटल म्हणतात.

"कित्याक गो?" मी विचारलं. तर म्हणाली, "अख्ख्या गाण्यात म्हाका म्हजोच आवाज आयकूंक येना. ड्रम्स लॅपटॉप वाजयता, बेसय तोच वाजयतलो. म्हजी गरज कित्याक?"

मी साउंडवाला माणूस. डिचोली-पेडण्यातली जत्रेची नाटकं आणि भजनांच्या स्पर्धा यांतच केस पांढरे झाले. पण पोरगी असं बोलली की धंदा बाजूला राहतो आणि बाप पुढे येतो...

गाणं त्याच संध्याकाळी नेटवर जायचं होतं. मी माडीवर गेलो, लॅपटॉप उघडला आणि सरळ मुक्ताचा बेस वर केला. भजनात मुख्य गवयाचा आवाज जसा सगळ्यांच्या डोक्यावर ठेवतो, तसा.

प्रणय आला, हेडफोन लावला आणि अर्ध्या मिनिटात काढला. "काका, हें मेटल न्हय, लग्नाचो डीजे जालो!"

मुक्तानेही ऐकलं. तिचं तोंड आणखीच उतरलं. "पप्पा, म्हाका उपकार नाकात," एवढंच म्हणाली. उपकार नको होते तिला, आणि खरंच होतं तिचं. नुसती घुमघुम वाढली होती, त्यात तिची बोटं कुठेच कळत नव्हती.

मग मी मुकाट्याने बसून नीट ऐकलं. प्रणयची गिटार एकटी लावली की छातीवर येते, इतकी जाड. पण तो जाडपणा जिथे असतो, नेमकी तीच बेसची जागा. एका बाकड्यावर दोन धष्टपुष्ट माणसं बसवली तर दोघंही अर्धेच टेकणार... तसं चाललं होतं.

मी गिटारचा खालचा जड भाग बराच कापला. बेस पुन्हा पहिल्या जागी आणला, वर एक रेघही नाही. प्रणयने लगेच स्वतःची गिटार एकटी लावून पाहिली आणि उसळलाच. "ही गिटार? जत्रेतलो कर्णो बरो! काका, म्हजी सगळी मेहनत गेली मरे!"

त्याचंही चुकत नव्हतं. एकटी ऐकली तर गिटार खरोखर पातळ लागत होती.

आता गावच्या नाटकात असं झालं तर आम्हा साउंडवाल्यांकडे सोपा उपाय असतो. प्रत्येक नट पडद्यामागे येऊन कानाशी लागतो, "म्हजो माइक मात्सो वयर कर हां." मी त्याच्यादेखत एक बटण वर सरकवतो, ज्याला वायरच जोडलेली नसते. माणूस खूश होऊन रंगमंचावर जातो आणि मोकळ्या गळ्याने बोलतो... पण लॅपटॉपवर हे जमत नाही. तिथे प्रत्येकाचा आवाज रंगीत पट्टीत दिसतो आणि जो तो आपल्याच पट्टीकडे बघत बसतो.

म्हणून मी दोघांना सांगितलं, खुर्च्या गादीकडे फिरवा. स्क्रीनकडे पाठ. फक्त ऐकायचं, आणि काही खटकलं तर हात वर करायचा.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं, दोघांपैकी कोणाचाच हात वर नाही. दुसरं सुरू झालं आणि मी हळूच मुक्ताचा बेस पूर्ण बंद केला.

प्रणयने हात वर केलाच नाही, तो खुर्चीसकट फिरला. "काका! म्हजी गिटार कोणें उणी केली?"

 मी गाणं थांबवलं आणि स्क्रीन दोघांकडे वळवली. गिटारच्या पट्टीला कोणी हातही लावला नव्हता. बंद होती ती मुक्ताची.

प्रणय स्क्रीनकडे बघत राहिला, मग मुक्ताकडे. "म्हळ्यार... म्हजें वजन तुजें आशिल्लें?" आपल्या गिटारचं वजन मुक्ताच्या बेसचं होतं, असं काहीतरी पुटपुटला. पोरगा फटकळ आहे, पण कानाला पटलेलं नाकारत नाही. पातळ केलेली गिटार तशीच ठेवा, असं त्यानेच सांगितलं. हे सोपं नसतं हो... भल्याभल्या गवयांना मी स्वतःच्या आवाजातला थोडासा भाग सोडायला सांगून बघितलंय.

 मुक्ताने वाकून आपली पट्टी स्वतःच चालू केली आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. आवाज तेवढाच होता, पण खोलीतल्या फरशीची थरथर पायाला कळत होती.

चहाच्या वेळी मी खालून हाक मारली. कोणी आलं नाही, म्हणून वर जाऊन बघितलं. मुक्ता बेस गळ्यात अडकवून तारा जुळवत होती. प्रणय कपाळाला हात लावून बसला होता.

"आतां कितें जालें?" मी विचारलं.

"पप्पा, दुसऱ्या कडव्यात एका जाग्यार म्हजें बोट चुकलां. परत वाजयतां."

"इतले दीस कोणाक कळ्ळें ना तें," प्रणय करवादला.

"आदीं आयकूंक येनाशिल्लें," ती म्हणाली. "आतां येता."

गाणं त्या संध्याकाळी नेटवर गेलं नाही. मी दोघांचा चहा वर नेऊन ठेवला, दार लोटून घेतलं आणि जिन्यातच बसून ऐकत राहिलो... देवाने कान दिले, याबद्दल त्याचे इतके आभार मी याआधी कधी मानले नव्हते.