गार मशीन आणि घामाघूम पार्टी

चार हुशार माणसं एका शेडमध्ये कोंडली की किस्से आपोआप साचतात. मी नुसतं झाकण उघडतो.

शेड रबाळ्याची. मी सातवी नापास फिटर, घर तळवलीत. साहेब परदेशात शिकलेले. पंख्याचं बटण दाबायलाही मीटिंग घेणारे. काम काय, तर कॉम्प्युटरच्या तापलेल्या चिप गार करायच्या. पंख्यानं नाही, पाण्यानं नाही, सोड्यातल्या गॅसनं! तो खूप दाबायचा आणि एकतीस डिग्रीच्या वर ठेवायचा. मग तो धड गॅस नाही, धड पाणी नाही. आमच्या मॅनेजमेंटसारखाच.

ऐरोलीची मोठी पार्टी मशीन बघायला येणार होती. पसंत पडलं तर ऑर्डर, नाहीतर शेडला कुलूप.

*

परचेसचा नवा मॅनेजर आला. मी सांगितलं, उरलेल्या गॅसचा आम्ही संध्याकाळी सोडा करतो. दुसऱ्या दिवशी पठ्ठ्या लिंबं आणि काळं मीठ घेऊन हजर. एमबीए!

*

गॅस गळला तर कळावं म्हणून मशीनच्या खोलीत अलार्म आहे. पार्टीसमोर काय बोलायचं त्याची साहेबांनी तिथेच तालीम ठेवली. अख्खा स्टाफ आत, दारं बंद. साहेब थांबेचनात. शेवटी अलार्मच ठणाणा बोंबलला!

सगळे बाहेर पळाले. मी जॉइंट अन् जॉइंट साबणाच्या पाण्यानं तपासला. एक बुडबुडा नाही. सगळा गॅस आमच्याच नाकातला.

मी म्हटलं, "साहेब, गळती सापडली. भाषणात हाय."

*

मग पार्टी आली. कोट-टायवाले. पाहुण्यांना उकडू नये म्हणून साहेबांनी आदल्या दिवसापासून भाड्याचे एसी लावलेले. खोलीचं पार महाबळेश्वर! गॅस गारठला, त्याचं पाणी व्हायला लागलं. मीटरचे काटे नाचायला लागले, चिप तापायला लागली. साहेबांचा चेहरा पांढराफटक.

एकदम त्यांची ट्यूब पेटली. "एसी बंद करा! दारं उघडा!"

वर पत्रा, बाहेर मे महिना. हळूहळू काटे जागेवर आले, चिप गार पडली. कोट उतरले, टाय सुटले, शर्ट पाठीला चिकटले. मी मुद्दाम वाफाळता चहा पुढे केला.

साहेब स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा सर, किती गार!"

पार्टीच्या मोठ्या साहेबांनी रुमाल पिळला. म्हणाले, "ऑर्डर तुमची. माणसांसाठी कधी काढताय?"