बाई, सिरियस म्हणू नका

लोबोबाईंची आणि माझी ओळख एका तारेमुळे झाली. मी हायस्कुलात शिपाई म्हणून नवी लागले होते आणि बाई इंग्रजी शिकवत. दुपारच्या सुट्टीत कट्टा गावचे एक गृहस्थ मुंबईची तार घेऊन व्हरांड्यात आले. बाईंनी ती वाचली, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "सुमती, तांब्याभर पाणी हाड." गृहस्थांना त्यांनी बाकावर बसवलं, पाणी पिऊ दिलं, आणि मग बोलल्या.

"तारेत लिवलाहा, भाव सिरियस, ताबडतोब निघा. पण असली तार जित्या माणसाची येना नाय. मेलो म्हणान धरून जावा."

मी चौथी पास. मला वाटलं, ही बाई आहे की दगड? पंधरा दिवसांनी ते गृहस्थ डोकं भादरून परत आले. बाईंना म्हणाले, "सगळा रडना गाडयेतच आटापला. थंय पोचल्यावर भावजयेक धरूक माझे हात मोकळे होते." तेव्हापासून मी बाईंना दगड म्हणणं सोडलं.

गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला सांगितलं आहे की बाईंच्या कार्यावर लिहा. शाळेतलं कार्य शिकलेले लोक लिहितील. मी त्यांचं दुसरं काम लिहिते, ज्याला पगार नव्हता आणि ज्याबद्दल कोणी नारळसुद्धा दिला नाही. आपल्या या किनाऱ्यावरची अर्धी माणसं जहाजावर नाहीतर आखातात. तिथून मरणाची बातमी येते ती इंग्रजीत, आणि घरात वाचणारं कोणी नसतं. मग कागद घेऊन लोक बाईंकडे यायचे. चाळीस वर्षं आले.

बाईंची एक निळ्या पुठ्ठ्याची वही आहे. मरणाला इंग्रजीत जेवढे शब्द आहेत आणि जेवढे आपल्या गावांत कागदावरून आले, तेवढे त्यांनी त्यात उतरवले आहेत. एक्सपायर्ड. पास्ट अवे. नो मोअर. डिमाइज. प्रेताच्या पेटीवर चिकटवलेलं असतं ते मॉर्टल रिमेन्स. प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या घरी आला ते लिहिलेलं. एकदा मी विचारलं, "बाई, साहेबाक मरूक इतके शब्द कित्याक लागतत?" बाई म्हणाल्या, "साहेबाकच न्हय गो. आपणाकय लागतत. देवाघरी गेलो, वारलो, कैलासवासी झालो. मेलो म्हणूचा सोडून सगळा." एक्सपायर्ड तर औषधाच्या बाटलीवरही असतं असं त्या सांगायच्या आणि तोंड वाकडं करायच्या. वहीत पहिल्या पानावर मात्र त्यांनी सिरियस लिहिलं आहे. त्या शब्दाचा अर्थ मरण नाही, पण आपल्या लोकांनी तो मरणाच्या कामाला लावला, म्हणून त्याचा मान पहिला.

असं तोंडावर सांगणारं माणूस कोणाला आवडतं? बायका म्हणायच्या, "लोबोबाय दारात इली काय चुलयेवर पाणी ओता." त्यांच्या देवळातले पाद्रीसुद्धा एकदा म्हणाले की, बाई, देवानं बोलावून घेतलं असं सांगत जा, लोकांना बरं वाटतं. बाई म्हणाल्या, "ता तुम्ही सांगा, फादर. माझा काम तुमच्या आधीचा."

आता जे लिहिते ते बाईंना आवडणार नाही. पण नुसतं गोड लिहिलं तर तोही सिरियसचाच प्रकार होईल.

माझा मुलगा प्रकाश तेल नेणाऱ्या जहाजावर होता. चतुर्थी होऊन आठ दिवस झाले असतील, कंपनीचं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. मी मधल्या सुट्टीच्या घंटेपाशी उभी होते, तिथूनच बाईंना हाक मारली. बाईंनी उभ्याउभ्या पत्र वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं. मी वाट बघत होते की आता पाणी मागतील. बाईंनी पाणी मागितलं नाही.

"प्रकाश डेकावरसून पाण्यात पडलोहा," त्या म्हणाल्या. "शोधतत. अजून गावलो नाय."

पाणी मागितलं नाही म्हणजे मेला नाही, असा मी अर्थ घेतला आणि घंटा दिली.

पाच महिने आम्ही त्या वाक्यावर काढले. सून सुषमा कुंकू लावून घरापुढच्या खळ्यात बसायची आणि रस्त्याकडे बघायची. पदरात चार वर्षांची पोर, तिला सांगायची, बाबा पोहत येतोय. मी भराडीदेवीला नवस बोलले. मसुऱ्याला तिच्या जत्रेत गर्दीत चिरडत जाऊन ओटी भरली, प्रसाद आणला आणि शाळेत सगळ्यांना वाटला. बाईंच्या हातावर ठेवताना म्हटलं, "घेवा. झील येतलो माझो." बाईंनी प्रसाद हातात धरला, खाल्ला नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बाई चालत आमच्या घरी आल्या. वही बरोबर होती. पडवीत बसल्या आणि म्हणाल्या, "सुषमा, पाणी हाड. दोघांक हाड, तुका आणि सासयेक."

मला कळलं.

"पत्रात लिवलेला, शोध थांबवलो, मेलो असा धरलाहा," बाई म्हणाल्या. "त्याच दिवशी लिवलेला. माका तुझ्या तोंडार सांगूक जमला नाय. सगळ्यांका सांगलंय, तुका खोटा सांगलंय. मी चुकलंय गो, सुमती. तुझो प्रकाश मेलो."

त्यांनी वही उघडली. प्रिझ्यूम्ड डेड या शब्दापुढे माझं नाव होतं आणि त्याभोवती लाल शाईचा गोल. पोरांच्या पेपरात चुकीला करतात तसा.

मी त्यांना काय काय बोलले ते छापण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "उठा आणि चालते व्हा." त्या उठल्या. सुषमा मात्र माझ्या आड आली. म्हणाली, "आई, पाच म्हयने मी खळ्यात बसान होतंय. आता उठतंय." तिनं आत जाऊन पोरीला जवळ घेतलं आणि खरं ते सांगितलं.

प्रेत नव्हतं. भटजींनी दर्भाचा माणूस केला, तो आम्ही जाळला. बाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या, उन्हात, सगळं होईपर्यंत. मी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाही. घंटा वाजवायची तेवढी वाजवली. त्या वर्षभरात रोज संध्याकाळी त्या येऊन माझ्या नातीला पडवीत इंग्रजी शिकवत, आणि माझ्या घरचं पाणी मी न विचारता स्वतः घागरीतून घेऊन पीत. एक दिवस मी तांब्या भरून समोर ठेवला. बाईंनी तो रिकामा केला.

सर्वांनाच कठोर असणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्यात मीही आहे. स्वतःच्या चुकीला लाल गोल करून तो ज्याच्या बाबतीत चूक केली त्याच्या दारात घेऊन येणारं माणूस मी एकच पाहिलं.

ती नात आता आयर्लंडला नर्स आहे. तिथे पेशंट गेला की घरच्यांना सांगायचं काम तीच करते, असं फोनवर म्हणाली. पहिल्यांदा बसवते, पाणी देते.

बाईंना पंचाहत्तर वर्षं झाली. मी त्यांच्याहून चार वर्षांनी थोरली, म्हणजे नंबर माझा आधी. मी मेले की आमच्या वाडीतले शहाणे नातीला फोन करतील, आजी सिरियस आहे, लगेच निघ. मग पोर विमानं बदलत, देवाला नवस बोलत येईल, आणि मी इकडे केव्हाच राख झालेली असेन. मी पाच महिने जे केलं ते तिनं एक दिवसही करायला नको.

म्हणून बाई, तो फोन तुम्ही करायचा. सिरियस म्हणू नका. तिला पाणी प्यायला सांगा आणि मग सांगा, आजी मेली.

त्यासाठी तुम्ही माझ्या मागे राहायला हव्यात, आणि चांगल्या धडधाकट, आवाज न कापणाऱ्या. गुडघ्याला तेल लावा, बीपीची गोळी चुकवू नका, पावसात देवळाच्या पायऱ्या चढू नका. मला अजून मरायची घाई नाही, तेव्हा तुम्हाला पुष्कळ वर्षं काढावी लागतील.