लाल ठिपक्याचा सेल

काकूंच्या नाकावर माशी बसलेली कधी कुणी पाहिली नव्हती. त्या काकूंना त्यांचाच मुलगा सरळ तोंडावर म्हणाला, "आई, तू विसरायला लागलीयस." तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या.

काकू जोडे करायच्या. साधेसुधे नव्हेत. एक पाय आखूड, एखादं पाऊल वाकडं, अशा माणसांचे. घराच्या मागच्या खोलीत चामडं कापणारं मशीन होतं आणि त्याला हुकूम सोडणारा एक पिवळा पडलेला जुना कॉम्प्युटर. मशीनची केबल ज्या लांबलचक कार्डात जायची, ते नव्या कॉम्प्युटरमध्ये बसतच नाही. म्हणून हा म्हातारा सांभाळलेला. त्याची पथ्यं दोनच. सेटिंगच्या निळ्या स्क्रीनवर पाच नंबरची लाइन या जुन्या कार्डासाठी राखून ठेवायची, नाहीतर ती आवाजाचं कार्ड पटकावतं. आणि वीज वाचवायची सोय बंद ठेवायची, नाहीतर चामडं अर्धं कापून होतं न होतं तोच स्वारी डुलकी काढते. एकदा सेव्ह केलं की वर्षानुवर्षं त्या वाटेला जायची गरज नसे.

आता मात्र रोज सकाळी पाटी कोरी! काकू सगळं नव्याने भरत, सेव्ह करत, संध्याकाळी नेहमीसारखं भिंतीवरचं बटण बंद करत. सकाळी पुन्हा तेच. त्यात पोस्टमनच्या जोड्यांचं चामडं अर्ध्यात अडकून फुकट गेलं, आणि नेमका तेव्हाच मुलगा आला.

"तू सेव्हच केलं नसशील."

"केलं! या हातांनी केलं!"

"तुला वाटतं, केलं म्हणून."

काय बोलणं झालं हे? हा पोरगा कॉम्प्युटर कोळून प्यायलेला, दिवसभर ऑफिसात तेच करणारा. पण झाकण उघडून आत डोकावायची तसदी त्याने घेतली नाही. आईचं डोकं तपासून घेणं त्याला सोपं वाटलं. डॉक्टरची वेळ घेऊनच तो आला होता. वर म्हणाला, मशीन विकून टाकू, एखाद्या दिवशी बोट कापून घेशील. म्हणजे काकूंचं उभं आयुष्य भंगारात, आणि काकू खुर्चीत!

संतापापेक्षा वाईट गोष्ट पुढेच होती. काकूंना स्वतःचीच शंका यायला लागली. गॅस बंद केला का, ते त्या दोनदोनदा पाहू लागल्या. सेव्ह करताना "केलं, केलं" असं मोठ्याने म्हणू लागल्या. अशात काका चहा घेऊन यायचे, आणि थोड्या वेळाने पुन्हा एक कप.

"अहो, आत्ताच दिलात की!" काकू खेकसायच्या.

"असं?" म्हणून काका तो स्वतः पिऊन टाकायचे.

एका सकाळी काकूंची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. तारीख चुकली होती, आणि थोडीथोडकी नव्हे. कॉम्प्युटर नवा होता तेव्हाची होती. "सेव्ह करायला मी विसरले असेन," त्या स्वतःशीच कडाडल्या, "पण तारीख काय मी रोज टाकते?" बटण बंद झाल्यावर या म्हाताऱ्याची सगळी आठवण आतल्या एका गोल सेलवर टिकते. काकूंनी स्क्रू काढले, झाकण उघडलं. सेल संपलेला नव्हता. सेल नव्हताच.

तसला गोल सेल घरात आणखी एकाच वस्तूला लागायचा, वजनकाट्याला. त्या तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. काका पिठाच्या वाट्या वजनकाट्यावर ठेवून आकडा बघत होते. काकूंनी काटा ओढून उलटा केला, खालचं झाकण उघडलं. आत सेल, आणि सेलवर लाल ठिपका. वरची बाजू कळावी म्हणून आपल्या प्रत्येक सेलवर काकू नेलपॉलिशचा ठिपका द्यायच्या.

"माझ्या कॉम्प्युटरातला सेल काढलात? आणि मुलगा मला वेड्यात काढत होता, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात?"

"मी? मी कशाला काढू?"

"मग हा काय चालत आला इथे?"

"अगं, तुझ्या खोलीतल्या वस्तूला मी हात तरी लावतो का?"

काकूंनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. काकांना खोटं बोलणं जन्मात जमलं नव्हतं. बोलायला गेले की कान लालबुंद व्हायचे. कान नेहमीसारखेच होते.

काका त्या ठिपक्याकडे पाहत होते, पहिल्यांदाच बघितल्यासारखे. मग त्यांनी विचारलं, "चहा टाकू का तुला?"

गॅसजवळ काकूंचा कप होता. भरलेला, अजून वाफाळणारा.

मुलाला सुनावायला काकूंनी शेलके शब्द केव्हाचे तयार ठेवले होते. त्यांनी काटा सरळ करून काकांपुढे ठेवला, बाहेर येऊन फोन लावला.

"मशीन कुठेही जाणार नाही," त्या म्हणाल्या.

"बरं, पण आई, डॉक्टरची वेळ—"

"ती रद्द करू नकोस. मी बाबांना घेऊन येते."