दोन्हीकडून मुलाकडचे

लग्नातल्या चादरी कुणी आणायच्या, हा प्रश्न त्या गावात गेली चाळीस वर्षं इन्कोरोनाता लोबाशो सोडवत आली होती आणि तिचं उत्तर कधी बदललं नव्हतं. घर मुलाकडच्यांनी द्यायचं. पलंगावरचं सगळं मुलीकडच्यांनी आणायचं. लग्नाआधीच्या शनिवारी दोन्हीकडच्या बायकांनी जमून नव्या जोडप्याचा पलंग लावायचा आणि वर साखरेत घोळलेले बदाम उधळायचे. गावाच्या लेखी लग्न तेव्हाच लागे. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये जे होई ते फोटोंसाठी.

इन्कोरोनाता चादरींवर भरतकाम करायची. दारापाशी खुर्ची, मांडीवर लिनन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. निम्मं गाव माझ्या जाळीकामावर जन्माला आलंय, असं ती सांगे. उरलेलं निम्मं, तिच्या मते, जरा घाईत जन्मलं होतं.

इतक्या लोकांच्या लेकींच्या चादरी भरताना स्वतःसाठी तिनं एकच सुख राखून ठेवलं होतं. तिला एकुलता एक मुलगा होता. एक ना एक दिवस ती मुलाची आई म्हणून पलंगाशेजारी उभी राहणार होती. समोरची बाई चादर उलगडणार, इन्कोरोनाता तिचं टोक उजेडाकडे धरणार, टाके बघणार आणि म्हणणार, "हं." बस, एवढंच. त्या "हं"चा तिनं वीस वर्षं सराव केला होता.

मुलगा, रुज्जेरो, गुरांचा डॉक्टर झाला, अडतीस वर्षांचा झाला, पण सून काही आली नाही. आला तो एउस्ताकियो. मातेरा शहरातला, शाळेत गणित शिकवणारा, सदा चष्मा पुसत बसणारा. रुज्जेरोच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्यांत तो नऊ वर्षं राहत होता.

"भाडी फार वाढलीत हो," इन्कोरोनाता विचारणाऱ्याला सांगे. "दोघांत परवडतं." कुणी विचारलं नाही तरी सांगे.

तिनं हातपाय हलवले नाहीत असं नाही. चार वर्षं दर रविवारी जेवायला कुणाची ना कुणाची भाची बोलावली. रुज्जेरो त्या मुलींशी इतका छान बोलायचा, की त्यातल्या दोघींनी पुढे आपल्या लग्नात त्यालाच साक्षीदार केलं. मग ती डॉक्टरांकडे गेली.

"कुणाला त्रास होतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुलाला."

"काय होतंय त्याला?"

"त्याला काही होत नाही. मला होतंय."

डॉक्टरांनी तिला झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

नाक्यावरच्या बारमध्ये रुज्जेरोचा विषय निघाला की मंडळी आवाज खाली आणत, बोटानं कानाची पाळी हलवून 'तसला आहे' अशी खूण करत आणि एकमेकांकडे बघून हसत. गाय अडली की तीच मंडळी त्याला भरल्या ताटावरून उठवत. "डॉक्टर, देवासारखे धावून या हो!" एकदा पत्ते पिसता पिसता कुणीतरी इन्कोरोनाताच्या नवऱ्याला, नुन्झियोला, विचारलं, "काय मग, आजोबा कधी होणार? का भाडेकरूलाच दिवस जायची वाट बघताय?" त्या दिवसापासून नुन्झियोचा गुडघा दुखायला लागला. बार घरापासून साठ पावलांवर होता. दीड वर्षं गुडघ्यानं त्याला तिथवर जाऊ दिलं नाही.

आणि एप्रिलमध्ये रुज्जेरोनं सांगितलं, की जूनमध्ये तो आणि एउस्ताकियो नगरपालिकेत जाऊन रीतसर नोंदणी करणार आहेत. तसा कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. एउस्ताकियोची आई येत्या रविवारी भेटायला येणार होती.

तिचं नाव ब्रूना. बेकरीवाल्याची विधवा, अंगानं थोराड, काखेत चार किलोंचा पाव घेऊन आली.

"मातेराचे लोक ते! परवापरवापर्यंत गाढवांसकट गुहेत राहत होते," इन्कोरोनाता स्वयंपाकघरात नवऱ्याला म्हणाली आणि बाहेर येऊन तिनं ब्रूनाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले.

पास्ता संपेपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. फळं आली तेव्हा ब्रूनानं विचारलं, "चादरींचं काय ठरलं मग?"

"तुम्ही आणाल त्या," इन्कोरोनाता म्हणाली.

"मी? मी का? मी मुलाची आई आहे."

"मग मी कुणाची आहे? मीही मुलाचीच आई."

"माझा दोन वर्षांनी मोठा आहे."

"माझा वीतभर उंच आहे. शिवाय घर आमचं. घर मुलाकडचे देतात."

"दवाखान्यावरच्या दोन खोल्या! खाली बकऱ्या ओरडतात. त्याला घर म्हणायचं होय?"

"गुहेतून आलेल्याला महालच की."

"आई!" रुज्जेरो म्हणाला.

"तू गप्प बस. कुणीतरी मुलीकडचं व्हायला हवं ना? चादरी काय आभाळातून पडणार आहेत?"

"आई, यात मुलगीच नाहीये. मुद्दाच तो आहे."

एउस्ताकियोनं संत्री सोलली आणि प्रत्येकाच्या ताटात मोजून सारख्या फोडी ठेवल्या. गणिताच्या मास्तराला यापलीकडे काही सुचलं नाही.

त्या दिवसापासून इन्कोरोनातानं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, की माझ्या घरातून उशीचा अभ्रासुद्धा जाणार नाही.

"बरोबर आहे तुझं," समोरची पास्क्वा म्हणाली. "मुलाकडच्यांनी म्हणून का वाकायचं?" मग डोळे बारीक करून तिनं हळूच विचारलं, "पण काय गं, पलंग एकच आहे?"

इन्कोरोनाताची सुई कापडातच थांबली. चादरींचं भांडण तिला सोसत होतं. खरं तर आवडत होतं. त्या भांडणाआड तो एक पलंग दिसत नव्हता.

लग्नाच्या आठवड्यात रुज्जेरो एकटाच आला. बुटांना शेण, हातांना औषधाचा वास.

"चादरी नकोत मला, आई. दुकानात मिळतात. तू फक्त शनिवारी पलंग लावायला ये."

"नगरपालिकेत येईन ना मी. सांगशील तिथे सही करीन."

"सह्या साक्षीदार करतात. तू पलंगाला ये. गावातल्या सगळ्यांच्या पलंगाला गेलीस."

"आणि नाही आले तर?"

रुज्जेरोनं बुटाचं शेण उंबऱ्यावर घासलं. "एउस्ताकियोला बोलोन्याला नोकरी मिळतेय. सोमवारी कळवायचंय. जिथे आपला पलंग लावायला कुणी येत नाही, तिथे म्हातारं व्हायचं नाही, असं आमचं ठरलंय."

"कुणी म्हणजे कोण? गाव?"

"गावाचं काय घेऊन बसलीस, आई," तो म्हणाला आणि उठून गेला.

बोलोन्या म्हणजे गाडीनं सात तास. त्या रात्री डॉक्टरांच्या गोळीचा काही उपयोग झाला नाही.

शनिवारी पाच वाजता ती गेली. नुसती बघायला जातेय, असं तिनं नवऱ्याला सांगितलं, जिन्यातही स्वतःला सांगितलं. वर पास्क्वा आणि आणखी चार बायका चर्चमध्ये घालायचे बूट घालून भिंतीला लागून उभ्या होत्या. मधोमध पलंग. एकच, भलामोठा, नुसत्या गादीचा. दोन्ही मुलांना खाली दवाखान्यात पिटाळलेलं होतं. ब्रूना दाराबाहेर थांबली होती, कारण नव्या पलंगाच्या खोलीत विधवेनं पाऊल टाकायचं नसतं. हा नियम गावात इन्कोरोनाताच पाळायला लावत असे. तिनं एकदा स्वतःच्या सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवलं होतं.

ब्रूनानं बाहेरूनच एक प्लॅस्टिकचं पाकीट पुढे केलं. "मुलीकडची म्हणून आणली नाही हं. पलंग उघडा राहू नये म्हणून आणली. इस्त्री नको, काही नको. टोकांना इलॅस्टिक आहे."

इन्कोरोनातानं चादर उलगडली. निळ्या पॉलिस्टरवर पांढरे डॉल्फिन उड्या मारत होते. सवयीनं तिनं टोक उजेडाकडे धरलं. वीस वर्षं वाट पाहिलेली घडी हीच होती, पण तोंडातून "हं" काही फुटेना. बोटांना इलॅस्टिक लागलं.

"यावर?" ती म्हणाली. "माझा मुलगा जन्मभर यावर झोपणार?"

"दोघंही झोपतील," ब्रूना म्हणाली. "माझाही."

"कुणी हात लावू नका पलंगाला!" असं ओरडून इन्कोरोनाता जिना उतरली.

घरी अक्रोडाच्या लाकडाच्या पेटीत, सगळ्याच्या तळाशी, चादरींचा एक जोड होता. रुज्जेरो पोटात असताना, बसल्या बसल्या, तिनं तो भरला होता. पुढे कित्येकींनी मागितला. तिनं विकला नाही, आणि का विकत नाही हेही कुणाला सांगितलं नाही. लिननला सायीचा रंग चढला होता आणि घडीघडीत सफरचंदांचा जुना वास होता. तिनं तो टोपलीत ठेवला, टोपली डोक्यावर घेतली आणि रस्त्यानं निघाली. हुंडा डोक्यावरून न्यायचा, झाकायचा नाही, अशी रीतच होती.

बारसमोर पत्ते थांबले.

"इन्कोरोनाता! कुणाचं लग्न गं?"

"माझ्या मुलाचं! आणखी कुणाचं असणार? तुझ्या गाईचं?"

लग्न हा शब्द तिनं पहिल्यांदाच उच्चारला होता, तोही भर रस्त्यात. तिच्यामागून नुन्झियो दोन्ही काखांत एकेक उशी घेऊन पत्त्यांच्या टेबलासमोरून गेला. जराही लंगडत नव्हता.

वर खोलीत तिनं टोपली उतरवली. तीन मीटर रुंद, भिजलेल्या घोंगडीसारखी जड चादर. एकटीच्यानं होणारं काम नव्हतं.

"धर गं पास्क्वा, टोक."

पास्क्वाच्या कमरेत तेवढ्यात उसण भरली. दुसरीचं मनगट सकाळपासून दुखत होतं. तिसरीला वाकलं की चक्कर यायची. उरलेल्या दोघी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघू लागल्या. खोलीत पाच बायका आणि धड हात एकही नाही. बघायला सगळ्यांना यायचं होतं. त्या पलंगाला हात मात्र कुणाला लावायचा नव्हता.

इन्कोरोनाताला त्यांचा राग येईना. कालपर्यंत तिचीही कंबर अशीच दुखत होती.

तिनं दाराकडे पाहिलं. "आत या."

"मी विधवा आहे," ब्रूना म्हणाली.

"दिसतंय मला."

"अपशकुन होतो म्हणतात."

"मीच म्हणते. आता नाही म्हणत. धरा हो विहीणबाई, चादर जमिनीला टेकतेय!"

ब्रूना आत आली. दोघींनी टोकं धरली आणि चादर वर उडवली. क्षणभर ती खोलीभर फुगून राहिली, जाळीतून संध्याकाळचं ऊन सगळ्यांच्या तोंडांवर सांडलं. मग चादर हळूच गादीवर उतरली.

"वरची दुमड चार बोटं," इन्कोरोनाता म्हणाली.

"एक वीत. आमच्याकडे एक वीत असते."

"तुमच्या गुहांत थंडी असते म्हणून."

"चार बोटं ही काय दुमड आहे? रुमाल घालताय का?"

"अगं पण इन्कोरोनाता," पास्क्वाला राहवेना, "माझ्या लेकीला तूच तर आठ बोटं घातली होतीस!" आणि ती पुढे होऊन, पलंगावर पार ओणवी होऊन, दुमड ओढू लागली. "कोपरा आधी खोच!" चक्कर येणारी म्हणाली. "तसा नाही, पाकिटासारखा!" मनगटवालीनं गादी एका हातानं उचलली. खिडकीपाशी कुणी उरलं नाही. दोन मिनिटांत खोलीतली सगळी दुखणी बरी झाली आणि त्या पलंगाभोवती असा काही कल्ला माजला, की खाली बांधलेली बकरी ओरडायची थांबली.

वर मारामारी जुंपली असं वाटून रुज्जेरो आणि एउस्ताकियो धावत जिना चढून आले. दारातच थबकले.

"बाहेर व्हा!" इन्कोरोनाता कडाडली. "नवऱ्यामुलानं आधी पलंग बघायचा नसतो, एवढीही अक्कल नाही?"

एउस्ताकियोनं चष्मा काढून पुसला. "म्हणजे आमच्यापैकी नेमकं कुणी?"

"दोघांनीही!" दोन्ही आया एकदम ओरडल्या, आणि हातांत चादर होती म्हणून इन्कोरोनातानं टाचेनंच दार लोटलं.